सुगंधाबाईंचं राहिलेलं कडवं

सांगतो, पण मधे कुणी बोलायचं नाही. हे आमच्या रमणच्या बाबतीत घडलंय. गेल्या मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार, रात्रीची वेळ. रमण मूळचा गुहागरकडचा, इथे आखातात गाला नावाच्या भागात एका गॅरेजमध्ये मेकॅनिक. भुतांच्या गोष्टींना खो खो हसायचा.

डोंगरापलीकडच्या अल अमेरात गावी सुगंधाबाई लेकीकडे राहायच्या. साठ-सत्तर वर्षांपूर्वी त्यांचं एक भावगीत घरोघरी वाजायचं. रमणच्या आजीलाही पाठ होतं. पण तबकडीत अख्खं गाणं मावेना, म्हणून शेवटचं कडवं गाळलेलं. बाईंना त्याची जन्मभर रुखरुख.

"रमण, माझा ग्रामोफोन तेवढा दुरुस्त करून आण," त्या म्हणाल्या होत्या. "तबकडी थांबली की पुढचं मी म्हणेन. एकदा तरी गाणं पुरं होऊ दे रे."

त्या रात्री दुरुस्तीवाल्या सिराजने ग्रामोफोन रमणच्या गाडीत मागच्या सीटवर ठेवून दिला. "यल्ला, चलो रमणभाई, आराम से चलाना."

रमण डोंगरातल्या रस्त्याला लागला. दोन्हीकडे काळे कातळ. एका वळणावर मागून कुणीतरी सूर लावला.

रेडिओ बंद होता. मोबाइल तर केव्हाच चार्ज संपून गप्प झालेला. ग्रामोफोन वाजतोय म्हणावं, तर तबकडी बाईंच्या कपाटात.

आवाज म्हातारा होता. मधे मधे दम लागत होता. गाणं तेच... पहिलं कडवं... दुसरं...

मग थांबलं.

रमणने आरशात बघितलं नाही. धीरच झाला नाही. मागे श्वास ऐकू येत होता. कुणीतरी वाट बघत होतं...

"बाई..." त्याने रस्त्यावरची नजर न हलवता म्हटलं. "म्हणा पुढचं. मी ऐकतोय."

...

आणि त्यांनी म्हटलं. शेवटपर्यंत.

बाईंच्या घरापुढे गाडी थांबली, तर दाराशी चपलाच चपला. लेक सुरेखाताई बाहेर आली. डोळे सुजलेले.

"तुझा फोन लागेना रे. आई संध्याकाळीच गेली... हॉस्पिटलमध्ये. सारखी विचारत होती, रमण निघाला का?"

रमणने ग्रामोफोन आत नेला, बाईंच्या रिकाम्या पलंगापाशी ठेवला. मग गाडीचं मागचं दार लावायला परत आला.

तिथेच थबकला.

ग्रामोफोन ठेवला होता त्याच्या शेजारच्या जागेचा सीटबेल्टचा पट्टा लावलेला होता. खटका नीट बसलेला. सीट रिकामी. पण पट्टा सीटला टेकला नव्हता...

वीतभर पुढे, हवेत ताणलेला होता.