‘दुसरं मीठ’चं पुनर्वाचन

स्मृतिविराम यंत्राखाली डोकं टेकवताना मालविका टिपणीस हसत होत्या. पंचवीस वर्षांपूर्वी त्यांच्या ‘दुसरं मीठ’ या कादंबरीनं वाचकांची झोप उडवली होती. प्रकाशकाला आता तिचा पुढचा भाग हवा होता, आणि मालविकाबाईंना स्वतःचंच पुस्तक वाचताना जांभया येत होत्या.

“गोष्ट आपण रचल्याचं आठवतं, म्हणून लेखकाला तिची भीती वाटत नाही,” डॉक्टर नसीमा पटवेकर म्हणाल्या. “ती आठवण ज्या चेतापेशींत आहे, तेवढ्याच आम्ही निजवतो. संध्याकाळी जागवायच्या. रात्रभर तशाच राहिल्या, तर त्यांच्यातले दुवे गळतात आणि आठवण कायमची जाते.”

“जागवल्यावर आज वाचलेलं आठवेल?”

“आठवेल. पण ‘हे तर मीच रचलंय’ हेही आठवेल. भीती त्याखाली विझेल.”

“हिची कल्पनाशक्ती दांडगी!” शेजारी बसलेले श्रीरंगराव कौतुकानं म्हणाले. लग्नापासून ते हेच म्हणत आले होते.

दुपारी मालविकाबाईंनी मुखपृष्ठ काढलेलं एक अनोळखी पुस्तक उघडलं. त्यातला नवरा बायकोच्या आमटीत गुपचूप आणखी मीठ टाकी आणि पहिल्या घासाला मायेनं म्हणे, “पुन्हा विसरलीस ना?” तोच तिच्या चाव्या लपवी, तोच शोधून देई. शेवटी त्या बाईचा स्वतःच्या डोळ्यांवरही विश्वास उरत नाही.

तिसऱ्या प्रकरणातच मालविकाबाई दचकल्या. त्यांच्या घरीही आमटी अधूनमधून खारट होई. गेल्याच आठवड्यात त्यांचा चष्मा तांदळाच्या डब्यात सापडला होता, तोही श्रीरंगरावांनाच.

“हे कुणी लिहिलंय?” त्यांनी विचारलं. “लिहिणाऱ्याला माझं घर कसं ठाऊक?”

डॉक्टरांनी काढून ठेवलेलं मुखपृष्ठ पुढे केलं. “तुम्हीच लिहिलंय.”

“म्हणजे मला तेव्हाच कळलं होतं!” मालविकाबाई उठून बसल्या. “आणि तुम्ही जागवलंत की मी पुन्हा म्हणणार, ही तर आपली कादंबरी!”

“बहुधा.”

“मग जागवू नका.”

डॉक्टरांनी परोपरीनं समजावलं. मालविकाबाई बधल्या नाहीत. त्या रात्री त्या घरी गेल्याच नाहीत.

नवऱ्यापासून विभक्त होण्यासाठी कुटुंब न्यायालयात केलेल्या अर्जासोबत त्यांनी ती कादंबरीच साक्ष म्हणून पुढे केली. श्रीरंगरावांच्या वकिलांनी अतिशय सौम्यपणे विचारलं, “ताई, साहेबांना मीठ टाकताना तुम्ही स्वतः पाहिलंत?”

मालविकाबाई आठवू लागल्या. पाहिलंच असणार; त्याशिवाय इतकं बारीक लिहिलं कसं? पण जे पाहिलं, ते त्या लिहिण्यातच गुंफलेलं होतं. त्याच पेशींबरोबर तेही गेलं होतं.

“आठवत नाही.”

“निदान ही कादंबरी तुम्ही लिहिलीत, हे आठवतं?”

“नाही.”

डॉक्टर पटवेकरांना शपथेवर खरं तेच सांगावं लागलं: स्मृतीत कायमची पोकळी आहे, आणि ती आता भरून येणार नाही. न्यायाधीशांनी सहानुभूतीनं मान हलवली. अर्ज फेटाळला गेला. अशा अवस्थेतल्या पत्नीला सांभाळण्याची तयारी दाखवणाऱ्या पतीकडेच त्यांची देखभाल सोपवण्यात आली.

बाहेर श्रीरंगराव त्यांचा हात धरून सपाट फरशीवरून चालत होते.

“सावकाश हं,” ते म्हणाले. “पायरी आहे.”

पायरी नव्हती. मालविकाबाईंना ती दिसतही नव्हती. तरी त्यांनी पाऊल पुढे करून आधी चाचपून पाहिलं.