दहावा कागद

मी आजवर कोणाला घाबरलो न्हाई, ना माणसाला ना भुताला. बायकोला घाबरतो, पण ती दोन्हीत मोडत न्हाई. आणि सरड्याला. बरं, ते सोडा.

यंदा, दोन हजार एक साली, मे महिन्यात नातीच्या लग्नाची पत्रिका करायला पिंपळगाव रेणुकाईहून जालन्याला गेल्तो. घाई होती. आमच्या मंडळींचं काळीज कमजोर झालंय. डॉक्टर म्हणला, आजीला लग्न दाखवायचं असेल तर दिवाळीनंतरच्या तिथीची वाट बघू नका. मंग येत्या रविवारचीच तिथी धरली.

तिथं मस्तगड भागात धर्मराजचं पत्रिकेचं दुकान आहे. एक खोली, एक कॉम्प्युटर, एक खडखड्या प्रिंटर. धर्मराज माणूस हुशार, पण थट्टा बिलकुल कळत न्हाई, म्हणून मला फार आवडतो. मानाच्या माणसांनी आपलं नाव तपासल्याबिगर आमची भावकी पत्रिका छापू देत न्हाई; एक नाव सुटलं की मंडपात रुसवा. म्हणून दहा नमुने काढायला लावले. प्रिंटर सुरू करून धर्मराज जेवायला निघाला. दारातून म्हणला, "आबा, पडद्याच्या वायरीला हात लावू नका. ती निघाली की हा प्रोग्राम येड्यावानी करतो, कुठला बी मजकूर कुठं बी टाकतो."

आता मला असं सांगावं का?

भर दुपार. गल्लीत चिटपाखरू न्हाई. दोन कागद बराबर निघाले आणि मी वायर उपसली. पडदा काळा झाला. धर्मराज येऊन कपाळावर हात मारील, या खुशीत बाकड्यावर बसलो.

प्रिंटर काही थांबला न्हाई. खर्र... खर्र... तिसरा कागद आला. सातवीला दोनदा बसलोय, छापलेलं वाचता येतं. आजोबांच्या जागी सर्जेराव, म्हणजे मी. खाली आजी. तिथं होतं, 'कै. झुंबरबाई.'

ते एक अक्षर आपण कोणाच्या नावाआधी लावतो, ते सांगायला नको. सकाळी तिनंच मला भाकर बांधून दिल्ती.

वायर खोचली. चौथा कागद साफ. हसलो. प्रोग्राम येडा, धर्मराज म्हणलाच होता. पण जीव बसंना. पुन्हा उपसली. पाचवा... कै. झुंबरबाई. पत्रिकेत चुलते, मामे, आत्या धरून वीस नावं होती. ते 'कै.' दुसऱ्या कोणाकडं वळलंच न्हाई. खोचली, सहावा साफ. उपसली, सातवा तसाच. परत खोचायला गेलो तर हाताला घाम, वायरीचं तोंड भोकात बसंना. आठवा... नववा...

खोलीत तापलेल्या शाईच्या फितीचा वास होता. त्यात हळूहळू दुसरा वास मिसळला. मशेरीचा. आमची भाजते तसली, जरा करपलेली.

दहावा कागद अर्ध्यात अडकला. वाकून पाह्यलं. सगळा कोरा. मधोमध नुसतं 'कै.' आणि त्याच्यापुढं प्रिंटरचं डोकं थरथरून राह्यलं, नाव विचारून थांबल्यावानी.

आमच्या पिढीत नवरा-बायकोनं एकमेकांचं नाव घ्यायचं नसतं. लग्नातला उखाणासुद्धा मी आजारी पडल्याचं सोंग करून चुकवला. पण भ्यालेलं माणूस हाक मारतं ती जवळच्यालाच. माझ्या तोंडून गेलं,

"झुंबर..."

प्रिंटर जल्दी जल्दी चालला. कागद बाहेर पडला. मी न बघताच घडी केली आन् टोपीत घातली.

धर्मराज आला. काळा पडदा पाहून त्यानं खरंच कपाळावर हात मारला. मला मजा आली न्हाई.

घरी पोचलो तेव्हा ती उंबऱ्यात मशेरी लावत बसलेली. सगळं गंमत म्हणून सांगितलं, धर्मराजच्या तोंडाची नक्कल करून. तिनं हात पुढं केला. मी टोपीतली घडी दिली. तिनं ती उलटीपालटी केली, उघडली न्हाई, मांडीखाली ठेवली.

"अवो, चाळीस वर्षं 'अगं, अगं' करून काढली," ती म्हणली. "जल्मात एकदा नाव घ्यायचं, तर तीच जागा घावली का?"