ड्यूअरांची घंटा

संग्रहालयाची गाडी दारात आली तेव्हा इश्बेल ड्यूअर कपडे वाळत घालत होती. हात पुसत ती आत गेली आणि चुलीशेजारच्या कोनाड्यातली घंटा काढून आणली. लोखंडी, ओबडधोबड, गाईच्या गळ्यात शोभावी अशी. संत मोर्नानची घंटा.

शेकडो वर्षं ती ड्यूअरांच्या घरात होती. त्यांचं आडनावच तिच्यावरून पडलेलं; ड्यूअर म्हणजे घंटेचा राखणदार, असंच सगळे समजायचे. जुने ड्यूअर ती घेऊन खोऱ्याखोऱ्यांतून फिरायचे. तिच्यावर हात ठेवून लोक शपथा घ्यायचे. घंटा एक रात्रही ड्यूअरावाचून राहू नये, असा घराण्याचा दंडक. त्यापायी इश्बेल कधी ग्लासगोला मुक्कामाला गेली नाही. लग्न राहून गेलं. आई अंथरुणाला खिळली, तिचं करता करता साठी उलटली. धाकटी शीना लग्न होऊन मॅकफी झाली. गेल्या महिन्यात आई गेली आणि इश्बेल शेवटची ड्यूअर उरली.

"जिवावर येत असेल ना देताना?" संग्रहालयातल्या तरुणीनं विचारलं.

"ठेवणंच जिवावर आलंय, बाई."

"गंमत सांगू? ड्यूअरचा मूळ अर्थ राखणदार नव्हेच. जुन्या गेलिक भाषेत त्याचा अर्थ परका. उपरा. घंटेमुळे त्या शब्दाला मान आला."

"ठाऊक आहे," इश्बेल म्हणाली. तिला कधी एकदा पाठ टेकते असं झालं होतं.

घंटा घेऊन गाडी निघून गेली. दुसऱ्या दिवशी इश्बेल पाव आणायला किर्स्टीच्या दुकानात गेली. दोघी एका बाकावर शिकलेल्या. एरवी 'उजाडलं का गं भवाने?' म्हणून ओरडणारी किर्स्टी आज अदबीनं पुढे झाली.

"काय देऊ? फिरायला आलात वाटतं? हवा छान मिळाली हो तुम्हाला."

"पुरे गं किर्स्टी. चेष्टा ऐकायचंही त्राण नाही आज."

किर्स्टीचं हसू जागच्या जागी थांबलं. "माझं नाव कुणी सांगितलं तुम्हाला?"

इश्बेल पाव न घेताच बाहेर पडली. शेजारचा कुत्रा रोज तिचा हात चाटायचा. आज कुंपणाखालून दात दाखवत गुरगुरला. वाटेत भेटलेल्या धर्मगुरूंनी टोपी किंचित उचलली, पाहुण्यांसाठी उचलतात तशी.

ती घरी गेलीच नाही. तशीच चालत शीनाकडे गेली. चिखलाची वाट, ओल्या मेंढ्या, गवताचा आंबूस वास. ती पाय ओढत होती.

शीनानं दार उघडलं. आईचंच नाक, आईचेच डोळे.

"वाट चुकलात का?"

"शीना, मी इश्बेल."

शीनानं तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. डोळ्यांत काहीतरी हललं आणि पुन्हा तळाशी गेलं.

"आत या. किती दमलात! दारातून परक्याला उपाशी धाडत नाही आम्ही."

तिनं मटणाचं सूप वाढलं. वर सातूचे दाणे तरंगत होते. आईची कृती.

"माझं आडनाव ड्यूअर," इश्बेल हळूच म्हणाली.

"अय्या! माझं माहेरही ड्यूअरच. मी एकुलती एक. दुसरं कुणी नाहीच आता त्या नावाचं."

इश्बेलनं तोंड उघडलं. आईचा शेवटचा खोकला, जत्रेत हरवलेली शीना, तिला खांद्यावर घेऊन केलेली पायपीट, सगळं सांगता आलं असतं.

पण सूप गरम होतं. खुर्ची मऊ होती.

तिला कुणी हाक मारत नव्हतं. कुणाला काही नको होतं.

तिनं चमचा खाली ठेवला आणि मान मागे टेकली. खिडकीबाहेर जन्मापासून रोज पाहिलेलं पाणी डोंगरांच्या कुशीत चकाकत होतं.

"किती सुंदर तळं आहे हो," ती शीनाला म्हणाली. "काय म्हणतात त्याला?"