चौथी ओळ

मानसिंग चोवीस वर्षं फौजेत स्टोअर सांभाळून आलेला माणूस. मोजल्याशिवाय खिळासुद्धा कुणाला द्यायचा नाही. पलूसच्या मैदानात त्याचा पोरगा वीरधवल पाटणच्या गुंडा पैलवानाशी लढणार म्हटल्यावर गावानं डोळे झाकून पोरावर पैसे लावले. मानसिंगनं मोबाइलवर पैजांचा कॅल्क्युलेटर उघडला. साताऱ्याचा बुकी गुंडाला चढा भाव देत होता, सांगलीचा वीरधवलला, मिरजेचा बरोबरीला. तिघांकडं पैसे तोलून वाटले की कुस्ती कशीही सुटो, तीन हजार पदरात पडणारच.

त्यानं मोठ्या कौतुकानं ते बायकोला, बनुबाईला दाखवलं. ती वीरधवलच्या डाव्या कानाला कोमट तेल चोळत होती. तालमीत मोडून तो कान गाठीसारखा घट्ट झाला होता. रोज चोळल्याशिवाय पोराला झोप यायची नाही.

"पोरगं हरलं तरी पैसं?" तिनं विचारलं.

"हरलं तरी."

"मग त्यो जिंकावा असं तुमाला वाटतंय का न्हाई?"

मानसिंग हसला. वीरधवल मान खाली घालून बसला होता.

दुसऱ्या दिवशी कॅल्क्युलेटरवर तीन निकालांच्या तीन ओळींखाली चौथी ओळ दिसली. नावाची जागा कोरी, वाटा अकरा रुपये. मानसिंगनं ती पुसली. पुन्हा आली, एक्कावन्न घेऊन. मैदानाच्या दुपारी ती अकराशे मागत होती, आणि ते भरल्याशिवाय नफा शून्यावरून हलत नव्हता. हा जिंकेल, तो जिंकेल, नाहीतर बरोबरी. चौथं काय डोंबल असणार? पण हिशेबात काही मोकळं राहिलेलं त्याला सोसतच नसे. त्यानं मिरजेच्या बुकीला फोन लावला.

"चौथी एक दिसतीया. अकराशे. घेताय का?"

पलीकडं वहीची पानं उलटल्याचा आवाज आला.

"घेतो की," बुकी सावकाश म्हणाला. "पर मागं घेता यायची न्हाई, हवालदार."

"लावा."

नफ्याचा आकडा हिरवा झाला.

हलगी कडाडली. दोघांनी एकमेकांच्या अंगावर लाल माती टाकली, सलामी झाली. गुंडानं झपकन पट काढून दोन्ही पाय ओढले आणि वीरधवल खाली गेला. पाठ टेकणार, एवढ्यात मानसिंग जागचा उठला.

"जिंक लेका," तो पुटपुटला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच.

माती उडाली. क्षणभर दोघंही दिसेनात. हलगी का कोण जाणे थांबली.

माती बसली तेव्हा वीरधवल वर होता. गुंडा चितपट.

लोक नाचायला लागले. मानसिंगच्या खिशात मोबाइल थरथरला. मिरजेचा निरोप होता. चौथी लागली.

त्यानं तो दोनदा वाचला. तोवर वीरधवल गर्दीतून वाट काढत आला आणि पायाशी वाकला.

"जिंकलो, आबा."

मानसिंगनं सवयीनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. बोटं घसरत डाव्या कानावर आली.

कान मऊ होता. कुठंच मोडलेला नव्हता.

घरी बनुबाईनं तेल कोमट करून ठेवलं होतं.