बस्तरचा हिरवा

रायपूर राजधानी झाल्यावर शहरात मोटारी वाढल्या आणि श्यामरावांचं गाड्यांच्या रंगाचं दुकान बरं चालू लागलं. रंग मिसळायला त्यांची मुलगी निवेदिता बसायची. एका दुपारी शिशिर आला… हातात वीतभर प्लास्टिकची फौजी गाडी. त्याला हिरवा हवा होता, पण खऱ्या गाडीपेक्षा जरा फिका.

"फिका काहून?"

त्यानं डावा कान पुढे केला. "इकडून बोला. उजवा गेला." मग हळूच हसला. "लहान गाडीवर तोच रंग काळपट दिसते, म्हणून."

हिरवा जमला, तर तो तपकिरी पट्ट्यांसाठी आला. मग पुन्हा हिरव्यासाठी.

"रंग जुळत नाही, की दुकान सुटत नाही?" निवेदितानं मान खाली घालूनच विचारलं.

"दोन्ही."

पुढे कधीतरी त्यानं सगळं सांगितलं. रायपूरच्याच पुरानी बस्ती मोहल्ल्यातला हा पोट्टा बस्तरमध्ये सुरुंगविरोधी गाडी चालवायचा. सुरुंग फुटला. मागे बसलेला त्याचा साथीदार धर्मपाल गेला. लग्नाला जेमतेम वर्ष झालेल्या त्याच्या बायकोनं, कलावतीनं, फोनवर एवढंच विचारलं होतं — गाडी कशी होती? तिला कुणी दाखवलीच नव्हती. म्हणून हा ती बनवत होता. पण तेव्हापासून हात थरथरायचा, पट्टे वाकडे जायचे.

निवेदितानं ब्रश घेतला. तो गाडी धरायचा, ती रंगवायची… आपसूक त्याच्या डाव्या बाजूला बसून. बोटांना बोटं लागायची. कुणीच काढून घ्यायचं नाही. शेवटी चाकांवर तिनं तिकडच्या लाल मातीसारखा गेरू टिपला, तेव्हा तो उठून बाहेर गेला. बराच वेळ आला नाही. तीही हाक न मारता थांबली.

गाडी द्यायला दोघं कलावतीच्या घरी, शहराबाहेरच्या कारखान्यांच्या उरल्याला गेले. कलावतीनं ती मांडीवर घेतली, पट्ट्यांवरून बोट फिरवलं.

"कहाँ बैठे थे वो?"

शिशिरनं जागा दाखवली. तिनं तिथे बोट ठेवलं आणि ते उचललंच नाही. ती रडली नाही. निवेदिताला तेच सहन होईना.

बाहेर ट्रकांची धूळ उडत होती. सोमवारी शिशिरची सुट्टी संपत होती. कान गेल्यामुळे तिथली गाडी आता दुसरा कुणी चालवणार होता. पण कॅम्प तोच, रस्ता तोच.

"आज तुले मागणी घालणार होतो," तो म्हणाला. "आता नाही घालत. पाहिलं नं तिले?"

निवेदिता वळसा घालून त्याच्या डाव्या बाजूला आली.

"पाहिलं. मग मी घालते."

"वेडी आहेस काय…"

"तिले वर्षभर तरी भेटला नं तिचा माणूस," ती म्हणाली. "मले तेवढाही देत नाही काय तुम्ही?"

त्यानं भर रस्त्यात, ट्रक जात असताना, थरथरता हात तिच्यापुढे केला… आणि तिनं तो दोन्ही हातांत घट्ट धरला.