परत कोणाला

तुम्ही बसलाच आहात म्हणून सांगतो. गेल्या मंगळवारी दुपारी मी ताईची डिस्क घेऊन ती कामाला होती त्या दुकानात गेलो. ताईला जाऊन तेव्हा अठरा दिवस झाले होते. तिचा आवाज, तिचं हसणं, जे काही उरलं होतं ते त्या डिस्कमध्ये, आणि रविवारी मीच त्याची वाट लावली होती. चालू असताना वायर ओढली. पुन्हा लावली तर संगणकाने काहीतरी विचारलं. मला वाचायला वेळ लागतो. मी ‘होय’ दाबलं.

“शाबास!” दुकानमालक काका म्हणाले. “बहीण बारा वर्षं इथे लोकांच्या मेलेल्या डिस्क उठवायची, आणि घरात हा दिवटा!” मग माझं तोंड बघून हळू म्हणाले, “रडू नकोस रे. आतलं सगळं जागेवर आहे. गेलीय ती फक्त सुरुवातीची यादी. कुठला भाग कुठून कुठपर्यंत, एवढंच त्यात असतं. ते आकडे सापडले की झालं.”

हे ताईकडून शंभरदा ऐकलेलं. असली यादी तिच्याइतकी अचूक कोणीच जुळवत नसे. श्वास रोखून बसायची, पेन्सिलीने वहीत आकडे उतरवायची, आणि मी मध्ये हात घातला की नखाने टेबलावर तीनदा टकटक. बोलायची नाही. माझा हात आपोआप मागे.

डिस्कचा आवाज ऐकू यावा म्हणून काकांनी पंखा बंद केला. आत बारीक खरखर. तापलेल्या धुळीचा वास. तासाभराने पडद्यावर दोन उत्तरं आली.

“एक जुनी मांडणी, एक खरी,” काका पुटपुटले. “चुकीची लिहून दुरुस्ती चालवली, तर आतलं सगळं विस्कटेल. मग माझ्याही हातात काही नाही...”

“वरचीच असणार,” मी म्हणालो आणि बोट पुढे केलं.

टक. टक. टक.

बोट तसंच हवेत राहिलं. काकांचे दोन्ही हात मांडीवर होते.

“काका... तुम्ही...?”

“मी नाही.” त्यांनी टेबलाच्या खणाकडे पाहिलं. “तिची वही दे. त्या खणातली.”

त्या वहीत तिने प्रत्येक डिस्क लिहिलेली. कोणाची, काय झालं, सुरुवात, शेवट, परत कोणाला. काकांनी शेवटचं लिहिलेलं पान वाचलं आणि वही माझ्यापुढे सरकवली. मी अक्षरं जुळवत वाचलं.

‘डिस्क माझी. रविवारी धाकट्याने होय दाबलं.’

खाली आकडे. नऊचा पाय तिच्यासारखाच लांब ओढलेला.

रविवारी ताई या जगात नव्हती.

आकडे खालच्या उत्तराशी तंतोतंत जुळले. काकांनी यादी लिहिली. एकेक फोल्डर वर आलं, आणि पहिल्याच फाईलमध्ये ताई खळखळून हसली.

“बघ,” काका डोळे पुसत म्हणाले, “अजूनही हिचा आकडा चुकत नाही.”

घाबरलो होतो, तरी ऊर भरून आला. अशी बहीण कोणाला मिळते?

निघताना पान पुन्हा पाहिलं. ‘परत कोणाला’च्या रकान्यात तिने लिहिलं होतं, ‘मी येऊन नेईन.’

मी त्यावरून बोट फिरवलं. पेन्सिल ताजी होती, बोट काळं झालं.

डिस्क माझ्या उशाशी आहे. दाराला कडी मी लावत नाही.