दोन टिचक्या

मार्लिसची मुलगी ब्रिन त्या वसंतात आई झाली नाही. पण ते राहू दे. तसं काही घडलंच नाही असं धरून चालू. मार्लिसही तसंच धरून चालली आहे.

ओहायोतल्या त्यांच्या परसात ब्लूबर्डसाठी खांबांवर दोन लाकडी पेट्या होत्या. ब्लूबर्ड म्हणजे निळा, लाजरा, भाडं न देताही हवाहवासा वाटणारा भाडेकरू. पण एक पेटी दरवर्षी चिमण्या बळकावत. चिमण्या तिकडे परक्या, बाहेरून आलेल्या. कायदा काही त्यांच्या बाजूने नाही. गावातल्या पक्षीप्रेमींचं प्रेम त्यांच्या अलीकडेच थांबे.

"अंडी फेकू नकोस," शेजारच्या ऑर्विलने शिकवलं होतं. "फेकलीस की बया पुन्हा घालते. नुसती हलवायची. आत चुळुक वाजलं की परत ठेवायची. मग बसते मेलेलंच उबवत, आणि शेजारच्या पेटीत ब्लूबर्डचा संसार निवांत होतो."

"किती दिवस बसते?"

"तिच्याकडे कुठे कॅलेंडर आहे?"

दर शनिवारी मार्लिस पेटीवर दोन टिचक्या मारी, म्हणजे मादी उडून जाई. मग झाकण उघडून, मान तिरकी करून, एका डोळ्याने आत बघे. अंडं कानाशी धरून हलवी आणि जागच्या जागी ठेवी. मायाळू बाई. हात गार असले तर आधी चोळून घेई.

ब्रिन बाळंतपणाला माहेरी आली होती. आधीची दोन राहिली नव्हती. या वेळी आठवा लागला होता आणि घरात कुणी दारसुद्धा आपटत नव्हतं. ती वरच्या खिडकीत बसून बाग बघे.

"आई, चिमणी आली होती," एका शनिवारी ती म्हणाली. "काचेवर दोनदा टकटक केलं, मग आत बघितलं."

"काचेत स्वतःला बघून भांडतात गं त्या."

"भांडत नव्हती. मी उठून जायची वाट बघत होती."

"मग?"

"मी कशाला उठू? एवढं पोट घेऊन मला उडता येतंय होय?"

पुढच्या शनिवारी पन्हाळीवर चिमण्यांची रांग लागली. एकेक पुढे येई, दोन टिचक्या मारी, मान तिरकी करी. मार्लिसने पडदा ओढला. टिचक्या थांबल्या नाहीत.

त्याच्या पुढच्या शनिवारी ती स्वयंपाकघरात केक भाजत असताना कपाटातले कप किणकिणले. दिवा झुलला. अख्खं घर हळूच, जपून, इकडून तिकडे हललं.

कुणीतरी कानाशी धरल्यासारखं.

मग जागच्या जागी ठेवलं गेलं.

कुंपणापलीकडे ऑर्विल गवत कापत होता. त्याचं यंत्र अडखळलंसुद्धा नव्हतं.

वरून ब्रिनची हाक आली. "आई, किती शांत झालंय गं बाळ. झोपलं वाटतं."

आता सफरचंदं पिकली आहेत. ब्रिन अजून खिडकीतच बसली आहे, पोटावर गोधडी घेऊन. डॉक्टर घरी येऊन गेले. जाताना टोपी विसरले, ती न्यायला परत आले नाहीत. दवाखान्यात चल म्हटलं की ब्रिन हसते.

"उठले तर गार पडेल ना."

शनिवारी चिमण्या येतात. बघतात. समाधानाने जातात.

काल मार्लिसने पेटीवर पाटी ठोकली, पावसात भिजू नये म्हणून प्लास्टिकमध्ये घालून:

"संबंधित चिमण्यांस नम्र विनंती, की वरच्या खोलीत परत ठेवलेले ते कृपया काढून न्यावे, म्हणजे मुलीस नव्याने सुरुवात करता येईल. कळावे."